वाकलेल्या पिना

कॉम्प्युटरचा पंखा फिरतो. दिवा लागतो. स्क्रीन काळी.

हेडफोनमध्ये डॉक्टर: "उजव्या गुडघ्याला सूज, स्वल्पविराम, ताप नाही, पूर्णविराम."

एकाच इमारतीत अकरा वर्षं, ती वर, घड्याळजी खाली दुकानात. बोलणं एवढंच, की सेल बदलून द्या.

अडलं की दाबायचं नसतं.

उलटा ठेवलेला काचेचा पेला.

पेल्याखाली तिचा प्रोसेसर. बिस्किटापेक्षा लहान, पोटाला तेराशेच्या वर पिना, केसासारख्या. धूळ बसू नये म्हणून घड्याळजीने तो झाकून ठेवला होता. उघडलेलं घड्याळही तो असंच झाकतो.

ती वर तिसऱ्या मजल्यावर एकटी राहते. डॉक्टर बोलून रेकॉर्ड करतात, ती हेडफोन लावून त्यांचे रिपोर्ट टाइप करते. दिवसभर कानात माणसं बोलत असतात, तिच्याशी नाही. कॉम्प्युटर तिने सुटे भाग आणून स्वतःच जोडलेला. रविवारी नवा प्रोसेसर बसवला. पंखा फिरला, स्क्रीन काळीच. रॅम काढून घातली. केबली तपासल्या. बोर्डवरचा सेल काढून पाच मिनिटं थांबली. काही नाही. शेवटी प्रोसेसर उचलून उलटा केला, तर कोपऱ्यात पिना आडव्या. बसवताना तो जरा अडला होता आणि तिने अंगठ्याने दाबला होता. जुना देऊनच हा आणलेला. म्हणजे मागे फिरायची सोय नाही.

सोमवारी दुपारी प्रोसेसर डबीत घालून ती खाली दुकानात उतरली. घड्याळजीने डोळ्याला भिंग लावलं आणि बराच वेळ बघितलं.

"अडलं की दाबायचं नसतं, बाई."

"माहितीये हो काका. दाबल्यावर आठवलं."

"घरी जोडलाय म्हणता?"

"हो. बाहेरचा डबा एका दुकानातला, डिस्क दुसऱ्या, रॅम कुणाच्या तरी मोडीत काढलेल्या मशीनमधली."

"म्हणजे बारा गावचं पाणी प्यायलाय." तो हसला. पुन्हा वाकून बघितलं. "बऱ्याच आहेत. वेळ लागेल. बसा."

ती बसली.

मंगळवारी पिनांची एक ओळ झाली. "सरळ केली तरी पिन मागे येते. रात्रभर राहू दे अशीच."

बुधवारी त्याचा डोळा थकला. एक गिऱ्हाईक पट्टा बदलून गेलं, बाकी कुणी नाही.

"सूनबाई म्हणते, बाबा, दुकान बंद करा आता, वेळ फोनमध्येच दिसते. म्हटलं, दिसते गं, पण जात नाही."

मग तिने तिच्या एका डॉक्टरांचं सांगितलं. ते रिपोर्ट सांगता सांगता शिंकतात आणि गंभीर आवाजात म्हणतात, हे लिहू नका. घड्याळजीला एवढं हसू आलं की चिमटा खाली ठेवावा लागला. ही गोष्ट तिच्याकडे सहा वर्षं होती. कुणाला सांगितलेली नव्हती.

गुरुवारी साडेतीनला ऑफिसचा फोन आला. दुकान एवढंसं. फोनमधला आवाज दोघांनाही ऐकू येत होता.

"ताई, चार दिवस तुमच्या फाइली अडवून धरल्यात मी. आज पाचपर्यंत मशीन चालू झालं तर सांगा. नाहीतर तुमचे डॉक्टर दुसऱ्या बाईंना जातील. आणि एकदा गेले की मला परत मागता येत नाहीत, तुम्हाला ठाऊक आहे."

"हो. कळवते."

"नक्की?"

"पाचच्या आत कळवते."

घड्याळजीचा चिमटा पिनांच्या वर तसाच थांबला होता. त्याने तो ठेवला. भिंग काढलं. प्रोसेसर तळहातावर घेऊन उजेडाला तिरका धरला, मग तिच्या प्लास्टिकच्या डबीत घालून झाकण लावलं.

"झालं."

"आज मी आल्या आल्या तर म्हणालात, शनिवार उजाडेल?"

"म्हणालो असेन." तो तिच्याकडे बघत नव्हता. "जा तुम्ही. अलगद ठेवा, आपोआप खाली बसला पाहिजे. आत्ता गेलात तर पाचच्या आत होतंय."

तिने डबी घेतली. पर्स खांद्याला अडकवली. दारापर्यंत गेली. जिना डाव्या हाताला, तीन मजले, वर कुलूप. ती तिथेच उभी राहिली. मग मागे येऊन डबी त्याच्या पुढ्यात ठेवली.

"काका, परत एकदा बघता का? एखादी राहिली असेल."

"राहिली नाही."

"एवढ्या होत्या. आणि काल तुमचा डोळा थकला होता."

त्याने भिंगाशिवाय तिच्याकडे पाहिलं. फोन पुन्हा वाजायला लागला. तिने तो उचलला नाही.

घड्याळजीने स्टूल पायाने तिच्याकडे सरकवलं, भिंग डोळ्याला लावलं आणि डबी उघडली.

रविवारी संध्याकाळी, दुकानात जायच्या आदल्या दिवशी, तिने मोबाईलच्या कॅमेऱ्यात मोठं करून मोजलं होतं. वाकलेल्या पिना तीनच होत्या.