गार्गीची गोष्ट

"एक होतं मां... मां..." गार्गी अडली.

"मांजर!" मागच्या खुर्चीवरून शुभदा चटकन म्हणाली.

नगर वाचनालयात दर शनिवारी मुलं जमून एकमेकांना गोष्टी सांगायची. आठ वर्षांची गार्गी बोलताना अडखळायची, म्हणून तिची आई शुभदा सोबत यायची. लेकीचा शब्द अडला की शुभदा तो पुरा करून टाकायची. दुकानात, फोनवर, पाहुण्यांसमोरही.

ग्रंथपाल रुक्सानाताई हळूच तिच्याजवळ आल्या. "अहो, सांगू द्या की तिला. आम्हाला कुठे घाई आहे?"

आता मुलं हसणार, असं वाटून शुभदाने मान खाली घातली. पण कुणीच हसलं नाही. सतरंजीवरची मुलं गार्गीकडे बघत राहिली. "मग मांजराने काय केलं?" एकीने विचारलं. गार्गी अडखळत, मध्येच श्वास घेत शेवटपर्यंत पोचली. तिच्या मांजराने मासळीचा आख्खा टेम्पोच पळवला होता. मुलं खो खो हसली, आणि गार्गीही.

ही गोष्ट शुभदाने कधी ऐकलीच नव्हती. लेकीच्या अडखळण्याची लाज इथे फक्त आपल्यालाच वाटत होती, हे कळून तिचे कान तापले.

चपला घालताना गार्गी म्हणाली, "आई, पुढच्या शनिवारी तू ब... ब..."

'बरोबर येशील?' शुभदाच्या अगदी ओठांवर आलं. तिने ते गिळलं.

"...बाहेर बसशील?"

शुभदाला मान वर करवेना. "बसेन," ती म्हणाली.