चौथं रीळ

चौथं रीळ मशीनवर चढवून रुपचंदने बटणावर बोट ठेवलं, पण ते बटण काही त्याच्याने दाबवेना.

देवपुरातली रविवारची दुपार. खिडक्यांना गोधड्या लावून खोलीत अंधार केलेला, आणि पंचवीस-तीस माणसं दाटीवाटीने बसलेली. "अरे भाऊ, लाव की! अकरा वर्षं थांबलो, आता मशीनला नैवेद्य दाखवतोस का?" शेजारचा लोटन ओरडला. सगळे हसले. रुपचंदही हसला, पण उसनं.

पिक्चरच्या प्रिंटा जमवायचा नाद त्याला शाळेपासूनचा. एसटीच्या वर्कशॉपमध्ये नोकरी, आणि सुट्टीचा दिवस जायचा बंद पडलेल्या तंबू-टॉकीजवाल्यांच्या मागे. पलंगाखाली रिळांचे डबे, माळ्यावर डबे, पिठाच्या डब्याला खेटून डबे. बायको सुमनबाई म्हणायची, "एक दिवस मी भाकरीऐवजी हिरोईन थापणार आहे, बघाच." आता घरोघरी व्हिडिओ आला होता, तरी रुपचंदच्या भिंतीवरचा पिक्चर बघायला गल्ली यायचीच.

त्यातला एक जुना, काळापांढरा पिक्चर सगळ्यांचा लाडका. मुलगा आईशी भांडून घर सोडतो, आई वाट बघते. रिळं तीनच होती, शेवटचं चौथं नव्हतं. शेवट काय, हे खुद्द रुपचंदलाही ठाऊक नव्हतं. पहिल्या खेपेला तिसरं रीळ संपलं, दिवा लागला, तर समोर गल्लीतली भिकुबाई. तिचा मुलगा वना असाच भांडून सुरतेला गेलेला. ना पत्र, ना निरोप. ती रुपचंदकडे टक लावून बघत होती. त्याच्या तोंडून निघून गेलं, "मग पोरगा घरी येतो!" झालं, तेव्हापासून तोच शेवट. दर खेपेला तो भिंतीपुढे उभा राहून रंगवून रंगवून सांगायचा.

ते चौथं रीळ होतं अमळनेरच्या युसूफभाईंकडे. तेही याच नादातले, अकरा वर्षं देईनात. परवा मात्र स्वतः एसटीने येऊन त्यांनी ते हातात ठेवलं. "बैल तुमच्याकडे, शेपूट माझ्याकडे. किती दिवस धरून बसू?" रुपचंदला आनंदाने रडूच आलं. त्याने गल्लीभर आवतण दिलं. आणि मग काल दार लावून एकट्याने रीळ बघितलं. पोरगा येत नाही. आई उंबऱ्यावर बसून राहते, पिक्चर संपतो.

आज भिकुबाई पहिल्या रांगेत होती.

रुपचंदने बोट काढलं. "रीळ आवळलंय रे. लावलं तर तुटेल."

अकरा वर्षांची भूक, आणि भरलेलं ताट आपल्याच हाताने दूर सारायचं. जीव तीळतीळ तुटला त्याचा. "हात तुझी!" लोटन करवादला. "मग सांग तोंडानंच!"

रुपचंद भिंतीपुढे उभा राहिला. "दार वाजतं. आई म्हणते, कोण? समोर चांगला मिशा फुटलेला गडी. आई ओळखत नाही. मग ओळखते, आणि आधी एक थोबाडीत ठेवून देते! मग जवळ घेते, कळण्याची भाकरी वाढते." टाळ्या पडल्या. बायकांनी डोळे पुसले. लोटनसुद्धा खूश होऊन घरी गेला.

भिकुबाई मागे राहिली. खिडकीची गोधडी काढून घडी घालू लागली.

"रीळ चांगलं शे ना रे, भाऊ?"

रुपचंदने मान खाली घातली.

"हाऊ पिक्चर मी पाहेल शे. सोनगीरले, तंबूमा, वना पोटमा व्हता तव्हय. पोऱ्या येत नही त्याम्हा, माले म्हाईत शे."

"मग अक्का, दर खेपेला येता कशाला?"

"तू त्याले घर आनस ना, म्हणीसन."

घडी पलंगावर ठेवून ती दारापर्यंत गेली आणि वळली. "आते मिशी फुटनी त्याले. पुढला खेपले त्यानं लगीन लाई टाक."