शह म्हटल्याशिवाय

पक्षाघाताने भालचंद्रांची वाचा गेली, तरी श्यामराव रोज संध्याकाळी बुद्धिबळाचा पट मांडायला येतच राहिले. दोघे तोडीस तोड. दिल्लीत ऑफिससमोरच्या हिरवळीवर, जेवणाच्या सुट्टीत लागलेली ही चुरस रिटायर होऊन फरीदाबादला घरं बांधली तरी निवली नव्हती.

आजही भालचंद्रांनी डाव्या हाताने वजीर सरकवून शह दिला. श्यामरावांनी राजाकडे ढुंकूनही न पाहता खुशाल भलतंच प्यादं पुढे केलं.

"अहो भावजी, शह बसलाय ना!" अरुणाबाई तडकल्या.

"कुठे? मला नाही ऐकू आला. तोंडानं म्हटल्याशिवाय शह नाही, हा नियम तुमच्या नवऱ्यानंच केलाय, वहिनी."

"त्यांना बोलता येत असतं तर..."

"नियम म्हणजे नियम. बिल्कुल सूट नाही."

जिंकत आलेला डाव रोज असा हिसकावून घ्यायचा! दोस्त म्हणायचं का वैरी? उद्यापासून या माणसाला दारच उघडायचं नाही, असं ठरवून त्या चहा गाळायला आत गेल्या.

थोड्या वेळाने बाहेरून एक घोगरा, चिडलेला आवाज आला.

"श्याम्या... शह!"

अरुणाबाई गाळणं हातात घेऊन तशाच धावल्या. श्यामरावांनी आपला राजा पटावर आडवा केला होता आणि डोळे पुसत, अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असे ते ओरडत होते, "हरलो! वहिनी, हरलो एकदाचा!"