वाळवंटातला मासा

"स्वप्नाली, खलास! खाली ये आता," गाडीला टेकून राहुल ओरडला. "घरी जाऊन व्हिडिओत बघू ना!"

ती थांबली नाही. पायाखालची खडी निसटत होती, गुडघा ठणकत होता. आखातातल्या रुवैसच्या रिफायनरीतली शिफ्ट बदलून घेऊन, नवऱ्याला आणि लेकीला पहाटे उठवून ती या टेकडीपाशी आली होती. खालच्या माळावर फार जुन्या काळी कुणीतरी दगड मांडून रेषा काढल्या होत्या. कुणी, कशासाठी, कुणालाच ठाऊक नव्हतं. त्या वरूनच नीट दिसायच्या. न बघता परत जायचं नाही, हे तिनं ठरवूनच टाकलं होतं.

शेवटचा चढ ती हात टेकत चढली. माथ्यावर पोचली आणि वळली.

गाडीतून नुसते विखुरलेले वाटणारे दगड आता एकमेकांना जाऊन मिळाले होते. दुभंगलेली शेपटी. मधला काटा. वाटोळा डोळा. पाण्याचा टिपूस नसलेल्या त्या माळावर भलाथोरला मासा पसरला होता.

मागून धापा टाकत ईशानी आली. "वॉव, मम्मा! हू मेड धिस?"

राजापूरला स्वप्नालीच्या माहेरच्या घरामागच्या कातळावर असाच मासा कोरलेला होता. हुबेहूब नव्हे, पण असाच. लहानपणी त्याच्या डोळ्यात साचलेल्या पाण्यात ती पाय बुडवून बसायची. पांडवांनी काढलाय म्हणायचं आणि विसरून जायचं, एवढंच त्याचं कौतुक. आता तो कातळ फोडून तिथं पर्यटकांसाठी कॉटेज उभी राहायची होती. धाकट्या भावानं, सुजीतनं, विचारलं तेव्हा ती मीटिंगमध्ये होती. "कर रे, माझी काही हरकत नाही," म्हणून तिनं फोन ठेवला होता. आणि जेसीबी आजच यायचा होता.

माथ्यावर कशीबशी रेंज होती. तिनं फोन लावला.

"सुजीत, जेसीबी थांबव. त्या माशाला हात लावायचा नाही. जमीन माझीही आहे आणि मी नाही म्हणतेय."

"ताई, कधीचा तुला फोन लावतोय, लागतच नाही!" सुजीत रडकुंडीला आला होता. "जेसीबी चालू कुठं झालाय? आई सकाळपासून माशावर बसून आहे. म्हणते, स्वप्नाली नाही म्हणेपर्यंत मी उठायची नाही."