कुरणातल्या खारी

जमिनीत बिळं करणाऱ्या खारींनी आमच्या अमेरिकेतल्या, मॉन्टानातल्या कुरणाची पार चाळण केलीय. परवाच एका गाईचा पाय बिळात अडकून मोडला. सहा वर्षं झाली, दर वसंतात व्हर्लिन नावाचा हौशी शिकारी त्या मारायला येतो आणि मी त्याला जेवू घालते. त्याच्या बारीक गोळीच्या रायफलीची काडतुसं दुकानात मिळत नाहीत, हिवाळाभर तो ती घरीच घडवतो. चारशे पावलांवरची खार एका गोळीत आडवी! तरी मेल्या संपतच नाहीत.

आज वैतागून, किती उरल्यात ते बघावं म्हणून मीच सँडविच घेऊन कुरणात गेले. गोळीच्या आवाजापासून बचावासाठी त्याच्या कानांवर टोपणं असल्यामुळे त्याला माझी चाहूल लागली नाही. तो सोबतच्या मित्रावर खेकसत होता,



"अरे, ओढ्याकाठच्या त्या माद्यांना हात लावू नकोस! ते पुढच्या वर्षीचं बियाणं आहे."