जाग कशाने येते

झोपलेल्या लॅपटॉपचा छोटा दिवा श्वासासारखा संथ उघडझाप करायचा आणि मध्येच लख्ख पेटायचा. कॉम्प्युटरला नीट झोप लागते की नाही हे तपासणं, हेच तिचं काम. पण हा लॅपटॉप आठवडाभर तिला दाद देत नव्हता. ती चहाला गेली की गाढ झोपायचा, येऊन बसली की ताडकन जागा. सगळा प्रोग्राम पिंजून काढला तरी चूक सापडेना. त्यात आईचा रोजचा फोन.

"अगं, मुलाकडचे खोळंबलेत. होकार कळवू ना?"

"बघू गं."

आजही फोन ठेवला, तर लॅपटॉप जागाच. समोर बसणारी मैत्रीण हसली. "प्रोग्राम सोड, टेबलाखाली बघ. तुझा पाय हलतो, टेबल हलतं, त्यावरचा माउस हलतो. झोपणार कसा बिचारा?"

"कधीपासून हलतोय?"

"आईचे हे फोन सुरू झाले ना, तेव्हापासून."

तिने गुडघा हाताने दाबून धरला. पाय थांबेना. मग तिने फोन लावला.



"आई, त्यांना नकार कळव."