नाकाखालून

आईनं झाकण उचललं आणि पातेल्यावर नाक नेलं. बाहेरच्या खोलीत सगळे गप्प झाले. या घरात नियमच होता, फ्रिजमधलं काहीही आईच्या नाकाखालून गेल्याशिवाय ताटात पडायचं नाही.

"काय म्हणतंय कोर्ट?" बाबांनी बसल्या जागेवरून विचारलं.

आईनं खोल श्वास घेतला. काहीच नाही. चिकनचा वास नाही, लसणाचा नाही. वीस दिवसांपूर्वी ताप येऊन गेला, तेव्हापासून साबण, कांदा, रॉकेल, तिला सगळं सारखंच. घरात हे कुणाला माहीत नव्हतं. ती कामाला होती त्या मुलींच्या हॉस्टेलच्या स्वयंपाकघरात तर नव्हतंच. तिथं रोज सकाळी दूध आणि चिकन तिच्याच शब्दावर उतरवून घ्यायचे. दोनशे मुली जेवायच्या.

तिनं डोळ्यांना कामाला लावलं. फेस नाही. डाव फिरवला, तार सुटत नव्हती. रंगही ठीक. पण बर्फाच्या ट्रेमधले चौकोन वितळून, परत गोठून एकच वेडीवाकडी लादी झाली होती. काल सगळे थोरलीला सासरहून आणायला गेले होते, तेव्हा मागे वीज गेली असणार. किती तास, देव जाणे.

टाकून द्या, असं तोंडावर आलंच होतं. पण सोमवारी तिनं नुसत्या धास्तीनं चांगलं दूध मोरीत ओतलं, तेव्हा बाबा म्हणाले होते, "नाकाला पेन्शन द्यायची वेळ आली वाटतं." सगळे हसले होते. धाकटी हसली नव्हती. ती नुसती बघत राहिली होती.

"आई, आठवा महिना आहे मला!" थोरली बाहेरून ओरडली. तिला सर्दी झालेली. नाक बंद, भूक मात्र सताड उघडी. "तुझ्या हातच्या रश्श्यासाठी आलेय मी. नातवाला उपाशी ठेवतेस का?"

"नात असणार ती," बाबा म्हणाले.

"चांगलं आहे," आई म्हणाली. "खळखळून उकळते आणि वाढते."

स्वतःचाच आवाज तिला परका वाटला. हॉस्टेलच्या बायकांना ती रोज बजावायची, बिघडलेलं उकळलं की ते गरम बिघडलेलं होतं, चांगलं होत नाही.

उकळी आली. वाफ घरभर पसरली. तपकीर ओढून ओढून बाबांनी नाकाचे कधीच बारा वाजवले होते. "वा!" म्हणत त्यांनीच वाटी नेऊन थोरलीपुढे ठेवली. थोरलीनं फुंकर मारली, भातावर रस्सा ओतला, कालवला.

तेवढ्यात धाकटी गच्चीवरून वाळलेले कपडे घेऊन आली, आणि दारातच थबकली.

"शी! काय मेलंय इथं?"

तिनं ताटाकडे पाहिलंच नाही. तिनं सरळ आईकडे पाहिलं.

थोरलीचा घास ओठाशी होता. आई ओट्यापासून तिथवर कशी पोचली, तिचं तिलाही कळलं नाही. तिच्या फटक्यानं घास उडाला आणि भिंतीला जाऊन चिकटला.

"वेड लागलं का तुला?" बाबा उठून उभे राहिले. "आत्ताच पास केलंस ना तू?"

"गिळलंस काही?" आईनं थोरलीला विचारलं.

"नाही गं. ओठाला लागलं फक्त."

"जा, चूळ भर. जा आधी!" मग ती बाबांकडे वळली. "पास करायला वास यावा लागतो. मला वीस दिवस कसलाच येत नाही."

मोरीत थोरली चुळा भरत होती.

"मला वाटलंच होतं," धाकटी म्हणाली. "गुरुवारी गॅस उघडा होता. तू शेगडीला टेकून भाजी चिरत होतीस."

"मग बोलली का नाहीस?"

"तू कुठं बोललीस?"

बाबा हळू आवाजात म्हणाले, "हॉस्टेलला कळवू नकोस एवढ्यात. सर्दी झालीय म्हणायचं. नाक काय, येईल परत. काम गेलं तर ते नाही येणार."

आईनं भिंतीवरचा घास पुसून काढला, हात धुतले आणि फोन घेतला.

"मॅडम, उद्यापासून माझ्या शब्दावर दूध उतरवून घेऊ नका. चिकनही नको." ती थोडा वेळ ऐकत राहिली. "हो, वासच येत नाही मला. दुसरं कुणी बघा."

मग तिनं रस्सा पिशवीत ओतून गाठ मारली. पातेलं घासलं. कढत पाण्यानं धुतलं, परत घासलं. सवयीनं नाकाशी नेलं आणि मध्येच थांबली.

हात लांब करून तिनं ते धाकटीपुढे धरलं.

धाकटी वाकली. बराच वेळ हुंगत राहिली.

"येतोय अजून."

आईनं घासणी परत हातात घेतली.